जुन्या १६१३ चा मॅनिफोल्ड लीक: पॅकिंग बदलूनही आवाज परत का आला

पार्श्वभूमी

गाडी टाटा एलपीटी १६१३ ट्रक, २००७ सालची. इंजिन कमिन्स ६बीटी, सहा सिलिंडरचं, ५.९ लिटरचं, टर्बो असलेलं आणि मेकॅनिकल डिझेल पंपावर चालणारं. मालकाकडे दोनच गाड्या, त्यातली ही जुनी. नोव्हेंबर ते मार्च कराड भागात उसाची वाहतूक आणि उरलेले महिने कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे माल, असं तिचं वर्ष. मालकाचं, गावाचं आणि गॅरेजचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही.

इंजिनाचं काम पूर्वी एकदा पूर्ण झालं होतं, पण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सहाही सिलिंडरच्या तोंडांतून येणारा धूर एकत्र करून पुढे नेणारा बिडाचा तुकडा) कंपनीतून आला तोच राहिला होता. त्याचे बोल्ट मात्र सगळे मूळचे नव्हते. बारापैकी चार बोल्ट बाजारातले साधे होते आणि त्यांच्या डोक्यावर ताकदीचा आकडासुद्धा नव्हता. सायलेन्सरच्या पुढच्या पाइपला आधार देणारी पट्टी तुटून गेली होती. ती कधी तुटली हे कोणालाच सांगता आलं नाही. या दोन गोष्टींकडे तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं, आणि पुढचं बरंचसं दुखणं तिथूनच आलं.

अडचण

गळीत हंगाम तोंडावर आला तेव्हा ड्रायव्हरच्या तीन तक्रारी होत्या. सकाळी गार इंजिन चालू केलं की टक-टक आवाज यायचा आणि आठ-दहा मिनिटांत तो बराच कमी व्हायचा. चढाला गाडी ओढत नव्हती आणि मागून काळा धूर निघायचा. कारखान्याच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभं राहिलं की कॅबिनमध्ये जळका वास यायचा. याच काळात डिझेलचं अॅव्हरेज साडेचारवरून चारच्या खाली आलं होतं.

पहिल्या गॅरेजने या तक्रारी सुट्या सुट्या धरल्या. आवाज टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधल्या फटीचा) ठरवला, झाकणं काढून टॅपेट सेट केले (इनलेट ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.५१ मिमी). ते आधीच जवळपास बरोबर होते. ओढ नाही म्हणून पंप काढून कॅलिब्रेशनला पाठवला. एअर फिल्टरही बदलला. आवाज होता तिथेच राहिला आणि चढावरची ओढही सुधारली नाही.

वास्तविक तिन्ही तक्रारी एकाच जागेवरून येत होत्या. टर्बोच्या इंजिनात मॅनिफोल्ड धूर बाहेर नेतो आणि त्याबरोबरच टर्बोचं चाक फिरवणारा दाबही सांभाळतो. टर्बोच्या अलीकडे कुठेही फट पडली की तो दाब फुकट जातो, टर्बो कमी फिरतो आणि सिलिंडरमध्ये हवा कमी भरते. डिझेल तेवढंच पडत राहिलं तर ते पुरतं जळत नाही, म्हणून काळा धूर. काही पंपांवर बूस्टच्या (टर्बोने कोंबलेल्या हवेच्या) दाबाप्रमाणे डिझेल सोडणारा डायफ्राम असतो. तिथे धूर कमी दिसतो, पण गाडी मरगळते. दोन्ही बाबतीत ड्रायव्हर अॅक्सिलरेटर जास्त दाबतो, एक्झॉस्ट आणखी तापतो आणि फट आणखी उघडते.

वासाची तक्रार तर सगळ्यात आधी घ्यायला हवी होती. इंजिन कॅबिनच्या खालीच असलेल्या गाडीत लीक झालेला धूर झाकणाच्या फटीतून थेट आत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला स्वतःला वास नसतो, म्हणून जळका वास हीच काय ती सूचना मिळते. रांगेत इंजिन चालू ठेवून कॅबिनमध्ये झोपणाऱ्या ड्रायव्हर-क्लीनरच्या जिवाशी हा खेळ आहे.

पहिली दुरुस्ती आणि तिचं काय झालं

हंगाम सुरू झाला. ऊसतोडणीची टोळी फडात आणि गाडी गॅरेजात, असं परवडणार नव्हतं. रस्त्यावरच्या एका मिस्त्रीने सहाव्या सिलिंडरच्या तोंडाशी काजळीचा पट्टा बघितला आणि लीक बरोबर ओळखला. पण त्याने तेवढ्या एकाच तोंडाचं पॅकिंग बदलायचं ठरवलं. गंजलेल्या बोल्टवर काही न टाकता एअर गन लावली आणि मागचा बोल्ट तुटून त्याचा आट्यांचा तुकडा हेडमध्येच (सिलिंडरांच्या वर बसणाऱ्या, मॅनिफोल्ड जोडलेल्या भागात) राहिला. मग उरलेल्या एका बोल्टवर नवं पॅकिंग बसवून भोवती सिलिकॉन फासलं.

नऊ दिवस गाडी शांत चालली. त्यानंतर आवाज परतला आणि या वेळी तो इंजिन गरम झाल्यावरही कमी होईना.

यात सिलिकॉनला दोष देण्यात अर्थ नाही. चांगल्यातलं चांगलं लाल सिलिकॉनही साधारण तीन-साडेतीनशे अंशांच्या पुढे टिकत नाही, आणि लोडवर चढणाऱ्या इंजिनाच्या मॅनिफोल्डचं तापमान पाचशेच्या आसपास सहज जातं. ते जळणारच होतं. चूक होती ती फट का पडली हे न बघता ती भरण्यात.

तपासणी

दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी संध्याकाळी आली. त्यांनी लगेच पाना लावला नाही, गाडी रात्रभर उभी ठेवली. मॅनिफोल्डचा लीक गार इंजिनावरच नीट सापडतो. इंजिन तापलं की बीड फुगून फट दाबली जाते आणि आवाज लपतो. मॅनिफोल्डच्या अंगाला तडा असेल तर कधी कधी उलट होतं, तो तापल्यावर उघडतो आणि आवाज वाढतो. त्यामुळे आवाज कधी वाढतो हा पहिला प्रश्न.

सकाळी इंजिनावरचं झाकण काढून गार इंजिन चालू केलं. मीटरभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं टोक एकेका तोंडाजवळ फिरवलं. पंखा आणि बेल्टपासून नळी आणि कपडे लांब ठेवूनच हे करायचं. सहाव्याला ठोका स्पष्ट होता, पहिल्याला हलका फुसका आवाज होता. मग एकेका सिलिंडरच्या इंजेक्टर पाइपचा नट थोडा ढिला करून तो सिलिंडर बंद पाडला. सहावा बंद केल्यावर टक-टक जवळजवळ थांबली. टॅपेटचा आवाज असा थांबत नाही, आणि लोड दिल्यावर त्यात फारसा फरकही पडत नाही. लीकचा ठोका लोडवर मोठा होतो. पहिल्या गॅरेजने एवढी एक चाचणी केली असती तर पंप उतरवावा लागला नसता. (नट ढिला करायची ही पद्धत जुन्या मेकॅनिकल पंपापुरतीच. कॉमन रेल इंजिनावर (जिथे एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं) ती चुकूनही करू नये. तिथे पाइपमधला दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो आणि डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.)

त्याच वेळी इनटेकला गेज जोडून, भरलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढाला घालून बूस्ट मोजला. तो ०.४५ बारच्या वर जाईना. हा आकडा लिहून ठेवल्यामुळे पुढे कामाची पारख करता आली.

मॅनिफोल्ड उतरवल्यावर काय दिसलं

बोल्ट खोलण्याआधी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ त्यांच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल मारलं होतं. गाडी त्या दोन दिवसांत जवळच्या फेऱ्या करत होती. गरम-गार होताना तेल आट्यांत ओढलं जातं, नुसत्या उभ्या गाडीवर मारलेलं तितकं आत जात नाही. खोलताना लांब दांड्याचा पाना वापरला. पाव फेरा सैल, थोडा परत घट्ट, पुन्हा सैल, असं केल्यावर उरलेल्या अकरापैकी दहा बोल्ट सहीसलामत निघाले. पहिल्या सिलिंडरचा पुढचा बोल्ट तुटला, पण त्याचा पाच मिलिमीटर तुकडा हेडच्या बाहेर राहिला. हे त्यातल्या त्यात बरं.

टर्बो आधी सोडवून घेतला. तेलाचे दोन्ही पाइप काढून त्यांची तोंडं कापडाने बांधली. शाफ्टला हाताने हलवून बघितलं. खेळ नेहमीसारखाच होता आणि चाकाची पाती घासलेली नव्हती.

मग मॅनिफोल्ड साफ करून सहाही तोंडांवर सरळ पट्टी ठेवली आणि खालून फिलर गेज (फट मोजायची ठराविक जाडीची पातळ पानं) घातला. सहाव्या तोंडाशी ०.६० मिमीचं पान गेलं, पहिल्याशी ०.३५ मिमीचं. मधली चार तोंडं ठीक होती. म्हणजे दोन्ही टोकं हेडपासून मागे वळली होती. या गॅरेजचा नेम असा की ०.२० मिमीच्या वर वाकलेला मॅनिफोल्ड फेस मारल्याशिवाय (मशीनवर तोंडं सपाट करून घेतल्याशिवाय) बसवायचा नाही.

खरी गोष्ट पुढच्या मापात निघाली. मॅनिफोल्ड मधल्या दोन बोल्टांवर हेडला लटकवला, तर टोकांची भोकं हेडच्या भोकांसमोर येईनात. एकूण लांबीत जवळपास अडीच मिलिमीटर कमी भरले. मॅनिफोल्ड आखूड झाला होता.

बिडाचा तुकडा आखूड कसा होतो हे समजल्याशिवाय पुढचे निर्णय कळत नाहीत. या इंजिनाच्या पहिल्या आणि सहाव्या तोंडात सुमारे ६०० मिमी अंतर आहे. बीड दर अंशाला दर मीटरमागे ०.०११ ते ०.०१२ मिमी वाढतं. मॅनिफोल्ड पाचशे अंशांनी तापला तर तेवढ्या लांबीत साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढ होते. हेड पाण्याने गार राहतं, त्यामुळे त्याची वाढ जेमतेम अर्धा मिलिमीटर. वाढायला निघालेल्या मॅनिफोल्डला बोल्ट धरून ठेवतात आणि लाल तापलेलं बीड स्वतःतच दबतं. गार झाल्यावर ते जितकं दबलं तितकं आखूड राहतं. हजारो वेळा असं झालं की टोकाच्या बोल्टांवर गार असताना आडवा ताण येतो. म्हणून या जातीच्या इंजिनात टोकाचेच बोल्ट तुटतात, आणि बऱ्याचदा ते चालू गाडीत तुटत नाहीत. गाडी उभी राहून गार होताना तुटतात.

त्यात या गाडीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टींची भर पडली होती. आधाराची पट्टी नसल्याने सायलेन्सरच्या पाइपचं वजन आणि हादरे टर्बोमार्गे मॅनिफोल्डवर येत होते. आणि घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद करायची सवय होती. पावसाळ्यात त्याच तापलेल्या बिडावर रस्त्यावरचं पाणी उडायचं.

पर्याय

पहिला पर्याय सगळी पॅकिंगं नवीन टाकून जुनाच मॅनिफोल्ड तसाच घट्ट करायचा. सगळ्यात स्वस्त, आणि मालकाची पहिली मागणी तीच होती. पण वाकलेली टोकं बोल्टाने ओढून बसवली की बोल्टाची निम्मी ताकद बीड वाकवण्यातच जाते. दोन पॅकिंगं एकावर एक टाकून फट भरायची युक्तीही सुचवली गेली. ती नाकारली ते योग्यच झालं. दोन थर तापून दबतात आणि बोल्ट ढिले पडतात.

दुसरा पर्याय मशीन शॉपमध्ये सहाही तोंडांना एकाच बांधणीत फेस मारायचा आणि टोकाची भोकं बाहेरच्या दिशेने लांबट करायची. काम एका दिवसात होणार होतं.

तिसरा नवा मॅनिफोल्ड. पुण्याहून यायला तीन दिवस, किंमत फेस मारण्याच्या सुमारे पाचपट.

चौथा जुन्या बाजारातला मॅनिफोल्ड. तो इतक्याच वर्षांच्या दुसऱ्या इंजिनावरून उतरलेला असणार, म्हणजे तितकाच आखडलेला. माप घेऊन बघितल्याशिवाय असा माल आणण्यात अर्थ नव्हता, आणि माप घ्यायला जाण्याइतका वेळ नव्हता.

वेल्डिंगचा विचार फक्त तडा सापडल्यास करायचा होता. रॉकेल लावून पुसून वर खडूची भुकटी चोळली. बाहेरच्या अंगाला कुठेही ओली रेघ उमटली नाही. टर्बो बसतो त्या तोंडातल्या मधल्या पडद्यावर मात्र केसाएवढा तडा दिसला. हा पडदा पुढच्या तीन आणि मागच्या तीन सिलिंडरचा धूर वेगळा ठेवतो. त्याच्यातला बारीक तडा बाहेर लीक करत नाही, म्हणून तो तसाच सोडला. तो बाहेरच्या कडेपर्यंत पोचला असता तर जुना मॅनिफोल्ड तिथेच बाद झाला असता. निकेलच्या रॉडने, आधी तापवून आणि नंतर हळूहळू गार करून बिडाला वेल्डिंग होतं, पण टाक्याच्या शेजारी नवा तडा जायची धास्ती राहतेच.

निर्णय दुसऱ्या पर्यायाचा झाला. अट अशी की हंगाम संपला की नवा मॅनिफोल्ड बसवायचा. मालकाच्या बाजूने विचार केला तर तीन दिवस गाडी उभी राहण्याचा तोटा नव्या मॅनिफोल्डच्या किमतीइतकाच होता. तरीही इथे दुमत राहतं. अडीच मिलिमीटर आखडलेल्या तुकड्यावर पैसे घालणं म्हणजे तीच मजुरी पुन्हा एकदा देणं, आणि जोडायची मजुरी या कामात कमी नसते.

तुटलेले दोन बोल्ट

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार आणि अल्टरनेटरच्या तारा सोडवल्या. अर्थिंगचा चिमटा चासीला न लावता हेडलाच, बोल्टच्या जवळ लावला. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. आसपासचं तेल पुसलं, ओलं पोतं आणि अग्निशामक नळकांडं हाताशी ठेवलं.

पहिल्या सिलिंडरचा तुकडा बाहेर होता, त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरलं. लाल उतरून काळा पडेपर्यंत थांबून मग पाना लावला. पहिला नट निखळला. दुसऱ्या वेळी तुकडा हलला आणि मागे-पुढे करत बाहेर आला. इथे वेल्डिंगची उष्णताच निम्मं काम करते. बोल्ट तापून फुगतो, गार होताना आकसतो आणि गंजाची पकड सुटते.

सहाव्याचा तुकडा हेडच्या तोंडापासून तीन मिलिमीटर आत होता. आतमध्ये टाके भरून वर आणायचा प्रयत्न दोनदा केला, दोन्ही वेळा टाका निखळला. तिसऱ्यांदा न करता ड्रिलकडे वळायचं ठरलं. हा या कामातला सगळ्यात नाजूक टप्पा. हाताने धरलेलं ड्रिल पोलादी बोल्टावरून घसरून शेजारच्या मऊ बिडात शिरतं, भोक वाकडं होतं आणि मग हेड उतरवण्याशिवाय इलाज राहत नाही.

म्हणून आधी मार्गदर्शक पट्टी बनवली. १२ मिमी जाडीच्या लोखंडी पट्टीला मॅनिफोल्डच्या मधल्या, न आखडलेल्या तोंडावरून दोन भोकांचं अंतर घेऊन दोन भोकं पाडली. एकातून शेजारच्या चांगल्या भोकात बोल्ट घालून पट्टी घट्ट केली, दुसऱ्यात ५ मिमी भोकाची बुश ठोकली. त्या बुशमधून तुटक्या बोल्टच्या बरोबर मध्ये ५ मिमीचं भोक सरळ गेलं. जागा अपुरी असल्याने काटकोनी ड्रिल गाडीच्या चाकाच्या बाजूने घातलं. मग ६.८ मिमी आणि शेवटी ८.५ मिमी. एम१० बाय १.५ च्या आट्यांसाठी तेवढंच भोक लागतं. उरलेलं पातळ कवच अणकुचीदार पंचने आत मोडून सळीने ओढून काढलं. टॅप (आटे पाडायचं हत्यार) तेल लावून, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा चालवला. आटे शाबूत निघाले. बिघडले असते तर हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठी भोकात बसवायची तारेची गुंडाळी) टाकावी लागली असती.

ईझी-आउट (तुटका बोल्ट उलटा फिरवून काढायचं हत्यार) वापरायचा आग्रह एका मदतनिसाने धरला होता. गंजून एकजीव झालेल्या बोल्टात तो मोडला तर त्याच्या कडक पोलादाला साधं ड्रिल लागत नाही. न वापरण्याचा निर्णय बरोबर होता.

या सगळ्या वेळात सहाही तोंडांत कापडाचे बोळे होते आणि प्रत्येक बोळ्याची दोरी बाहेर ठेवलेली होती. आत राहिलेला बोळा किंवा लोखंडाचा कीस पुढे थेट टर्बोच्या चाकावर जातो.

जोडणी

मशीन शॉपमधून आलेल्या मॅनिफोल्डचा ०.७० मिमी फेस निघाला होता. गॅरेजने तो तसाच न घेता पट्टी ठेवून पुन्हा तपासला. कुठेही ०.०५ मिमीचं पान शिरलं नाही. टोकाच्या तोंडांची चारही भोकं बाहेरच्या बाजूने दोन मिलिमीटर लांबट केली होती.

बाराही बोल्ट नवे घेतले. टोकांना लांब बोल्ट आणि त्यांच्या डोक्याखाली जाड नळकांडी स्पेसर घातले. लांब बोल्टाला ताणायला जास्त अंग मिळतं, त्यामुळे मॅनिफोल्ड सरकला तरी तो पकड सोडत नाही आणि तुटतही नाही. लांबट भोकांवर जाड कडक वॉशर टाकले. आट्यांना उष्णता सोसणारं तांब्याचं अँटी-सीझ (आटे गंजून धरू नयेत म्हणूनचं) ग्रीस लावलं. पॅकिंगं सहा, सगळी नवीन, कोरडी, सिलिकॉन अजिबात नाही.

सगळे बोल्ट आधी हाताने बसवले. एखादा हाताने जात नसेल तर तिथेच थांबून कारण शोधायचं, पान्याने ओढून घ्यायचं नाही. मग मधून टोकांकडे, पहिल्या फेरीत २० आणि दुसऱ्या फेरीत ४३ न्यूटन-मीटर (सुमारे ४.४ किलोग्रॅम-मीटर). टर्बोचे नट ३२ न्यूटन-मीटर. टर्बोच्या तेलाच्या तोंडात ५०-६० मिली स्वच्छ इंजिन ऑइल ओतून चाक हाताने फिरवलं, आणि डिझेल बंद ठेवून तेलाचा दाब येईपर्यंत स्टार्टर मारला. कोरडा टर्बो चालू केला तर बेअरिंग पहिल्याच मिनिटात खराब होतं.

शेवटी सायलेन्सरच्या पाइपची आधारपट्टी नवी बनवून बसवली. ही पट्टी पाइप मोकळा असताना बसवायची. वाकडा ताण देऊन ओढून बसवली तर नसलेली बरी.

परिणाम

दुसऱ्या दिवशी गार इंजिन चालू केल्यावर टक-टक नव्हती. त्याच चढावर, तेवढ्याच लोडला बूस्ट ०.८ बारपर्यंत गेला. काळा धूर फक्त गिअर बदलताना दिसू लागला आणि पुढच्या काही आठवड्यांत अॅव्हरेज साडेचारच्या जवळ आलं. जानेवारीतल्या पीयूसीत धूर मर्यादेच्या बराच आत निघाला. या काळातल्या डिझेल गाडीला ६५ हार्ट्रिज युनिटची (धुराची दाटी मोजायचं एकक) मर्यादा आहे. कॅबिनमधला वास पहिल्याच दिवशी गेला.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. चार दिवसांनी टर्बोखाली तेल ठिबकू लागलं. तेल परत जाणाऱ्या पाइपचं पॅकिंग जुनंच वापरलं होतं. अगदी स्वस्तातला तुकडा, पण त्यासाठी गाडी पुन्हा उभी करावी लागली. ५०० किलोमीटरनंतर गार इंजिनावर बोल्ट पुन्हा तपासले, तेव्हा सहाव्याचा मागचा बोल्ट थोडा फिरला. बाकीचे जागेवर होते. ही फेरतपासणी चुकवली असती तर त्याच जागी काजळी पुन्हा दिसली असती.

हंगाम पार पडला. एप्रिलमध्ये इंजिनावरचं झाकण काढून बघितलं तेव्हा पहिल्या तोंडाखाली बोटभर काजळीची पुसट रेघ होती, आवाज नव्हता. ठरल्याप्रमाणे मे महिन्यात नवा मॅनिफोल्ड आणि पुन्हा सहा नवी पॅकिंगं बसली. लांब बोल्ट आणि स्पेसर तेच ठेवले. बोल्ट या वेळी एकही तुटला नाही, कारण आट्यांना अँटी-सीझ होतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णय चुकला तो पंप उतरवण्याचा. टर्बोच्या गाडीत ओढ कमी आणि काळा धूर ही तक्रार आली की आधी हवेची आणि धुराची वाट बघायची. त्यात एअर फिल्टर आला, इनटेकचे रबरी पाइप आणि क्लिपा आल्या, मॅनिफोल्डची तोंडं आली, बूस्टचं माप आलं. सकाळच्या अर्ध्या तासाचं हे काम आहे. डिझेलची बाजू त्यानंतर.

दुसरा निर्णय रस्त्यावरचा. एकाच तोंडाचं पॅकिंग बदलताना मॅनिफोल्ड सरळ आहे का हे बघताच येत नाही. तेव्हा गाडी चालती ठेवणं भाग होतं हे मान्य केलं, तरी गंजलेल्या बोल्टवर एअर गन लावायची गरज नव्हती. तो बोल्ट शाबूत राहिला असता तर मार्गदर्शक पट्टी, ड्रिल, टॅप यात गेलेला जवळजवळ पूर्ण दिवस वाचला असता.

फेस की नवा मॅनिफोल्ड, याचं उत्तर गाडीगणिक बदलेल. मॅनिफोल्ड वाकला असेल पण लांबी शाबूत असेल तर फेस मारून वर्षानुवर्षं चालतो. लांबीच कमी झाली असेल तर फेस हा हंगाम निभावण्याचा उपाय समजावा. म्हणून सरळ पट्टीइतकंच टोकाच्या भोकांचं माप महत्त्वाचं आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ते घेतलंच जात नाही. या प्रकरणात माप घेतल्या दिवशीच नव्या मॅनिफोल्डची ऑर्डर देऊन ठेवता आली असती. मग मे महिन्याची वाट न बघता हंगामाच्या मध्ये एखादा सुट्टीचा दिवस साधता आला असता.

ड्रायव्हरच्या बाजूने दोनच बदल झाले. घाट चढून आल्यावर इंजिन तीन-चार मिनिटं आयडलला ठेवून मग बंद करायचं. आणि गाडी धुताना इंजिनवर पाणी गार झाल्यावरच मारायचं. क्लीनरला दर आठवड्याला टॉर्च लावून टोकाच्या दोन तोंडांखाली काजळी दिसते का बघायला सांगितलं आहे. बोल्टचं डोकं गेलेलं असेल तर तेही तेव्हाच दिसतं.